नियमात ‘आयएस’ क्रमांक दिसला की फाईल कशी बांधायची

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका केटररची फाईल पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे आली. पाणी स्वतःच्या विहिरीचं, स्वयंपाकघर लख्ख, सोबत पाण्याचा तपासणी अहवाल. अहवालात लोहापुढे ०.६ लिहिलेलं आणि शेजारी लाल शाईत ‘मर्यादेबाहेर’. लोह काढायच्या फिल्टरसाठी त्यांनी आगाऊ रक्कमही देऊन टाकली होती. खरं तर लोहाच्या त्या आकड्यात काही दोष नव्हता. पिण्याच्या पाण्याचं मानक म्हणजे आयएस १०५०० (आयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने काढलेलं ‘इंडियन स्टँडर्ड’). त्याची २०१२ ची छापील प्रत कुणीतरी वाचली होती, पण तिच्यावरची २०१५ ची दुरुस्ती वाचली नव्हती. मूळ प्रतीत लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम आहे आणि दुरुस्तीने ती १.० झाली.

अशा फायली वरचेवर येतात. नियम स्वतः आकडे देत नाही, ‘अमुक मानकाप्रमाणे’ एवढंच म्हणतो आणि बाहेरच्या तांत्रिक कागदाकडे बोट दाखवतो. तो कागद कायद्याने लिहिलेला नसतो, तरी त्या एका वाक्यामुळे तुमच्यावर बंधनकारक होतो. गडबड होते ती बहुतेकदा क्रमात. लोक आधी मानक उघडतात आणि नियम नंतर वाचतात, किंवा वाचतच नाहीत. खालचे टप्पे मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळलात तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहील.

## आधी टेबलावर काय हवं

पहिला कागद म्हणजे नियमाचा मूळ मजकूर. एजंटने दिलेली यादी, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा शेजारच्या युनिटची जुनी फाईल त्याच्या जागी चालत नाही. केंद्राचा नियम भारताच्या राजपत्रात सापडतो, गोव्याचा गोवा शासनाच्या राजपत्रात. आपलं राजपत्र तीन मालिकांत निघतं. कायदे आणि नियम मालिका १ मध्ये शोधायचे, अधिसूचना, आदेश, नेमणुका मालिका २ मध्ये, जाहीर सूचना आणि जाहिराती मालिका ३ मध्ये. शोधताना असाधारण अंक विसरू नका, घाईच्या दुरुस्त्या नेमक्या तिथे असतात.

दुसरा कागद म्हणजे त्या नियमाच्या आजवरच्या सगळ्या दुरुस्त्या. तिसरा, तुमच्या हातातला परवाना किंवा दाखला, अटींच्या पानासकट. मूळ नियमात नसलेलं मानक कधीकधी परवान्याच्या अटींतून अंगावर येतं. पंचायतीच्या बांधकाम परवान्याची मागची बाजू न वाचलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

चौथा कागद तुम्हीच करायचा आहे. वहीच्या एका पानावर चार तारखा एकाखाली एक लिहा: नियम अमलात आल्याची, मानकाची आवृत्ती निघाल्याची, मानकाच्या प्रत्येक दुरुस्तीची, आणि तुम्ही अर्ज केलात, नमुना घेतलात किंवा काम सुरू केलंत त्या दिवसाची. पुढे वाद झाला तर तो बहुधा या चार तारखांवरच होतो.

## टप्पा १ : जोडवाक्य शब्दशः उतरवा

नियम ज्या वाक्याने बाहेरच्या कागदाला आत घेतो त्याला मी जोडवाक्य म्हणते. ते वहीत जसंच्या तसं उतरवा. राजपत्र इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच उतरवा, मराठीत सारांश करू नका. सारांशात पहिल्यांदा क्रियापद हरवतं, आणि सगळं वजन तर क्रियापदात असतं.

वाक्यात ‘शॅल’ (केलंच पाहिजे) आहे की ‘मे’ (करता येईल)? ‘त्यानुसार असलं पाहिजे’ म्हटलंय, की ‘ते विचारात घ्यावं’? वीज सुरक्षेचं उदाहरण घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत भारतीय मानक ब्यूरोच्या कार्यसंहितेबद्दल एक वाक्य होतं. त्याचा आशय असा की या नियमांचा हेतू साधण्यासाठी संहिता पाळता येईल आणि संहिता व नियम यांत विसंगती आली तर नियम वरचढ राहील. एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: संहिता वापरायची मुभा आणि दोन्ही भांडले तर कोणाचं ऐकायचं. तरीही अर्थिंगची संहिता आयएस ३०४३ जणू स्वतःच कायदा आहे, अशा थाटात अहवाल लिहिले जातात. शिवाय २०१० चे ते नियम २०२३ मध्ये नव्या नियमांनी बदलले. जुन्या नियमाचा क्रमांक टाकलेला अर्ज पहिल्या नजरेतच परत येऊ शकतो.

जोडवाक्य नेमकं कुठे आहे, हेही लिहा. ते कायद्यात आहे, नियमात, अधिसूचनेत, परवान्याच्या अटीत, की नुसत्या तपासणी-सूचीत? केटररच्या पाण्याचंच पाहा. घटक म्हणून वापरायचं किंवा अन्नाच्या संपर्कात येणारं पाणी आयएस १०५०० प्रमाणे असावं आणि सहा महिन्यांनी तपासून नोंद ठेवावी, हे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) तपासणी-सूचीत आहे. सूची म्हणजे नियम नव्हे. तिच्यामागे २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांचं परिशिष्ट ४ आहे आणि पाणी पिण्यायोग्य हवं ही अट तिथून येते. म्हणून फाईलमध्ये दोन्हींचा उल्लेख करा आणि कोणतं कोणत्या पायरीवर आहे ते स्पष्ट लिहा.

सावध: भारतीय मानक स्वतःहून बंधनकारक नसतं. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम २०१६ च्या कलम १६ खाली केंद्राने आदेश काढला, किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याने वा नियमाने त्याला आत घेतलं, तरच ते तुमच्यावर लागू होतं. करारात तुम्ही स्वतः ते कबूल केलं असेल तर तो करार तुम्हाला बांधतो, पण ती बाब वेगळी.

तपासा: जोडवाक्य, ते कुठल्या कागदात आहे, त्याचा कलम क्रमांक आणि त्यातलं क्रियापद वहीत आलं का? एकही राहिलं असेल तर अजून मानक उघडू नका.

## टप्पा २ : कोणती आवृत्ती लागू?

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात. जोडवाक्यं साधारण चार तऱ्हांनी लिहिलेली आढळतात.

वर्षासकट लिहिलेलं असेल तर तीच आवृत्ती. मानक नंतर सुधारलं तरी नियम बदलेपर्यंत जुनीच चालते. नवी आवृत्ती चांगली आहे, कडक आहे, म्हणून तीच लागू, असं धरू नका. नव्या आवृत्तीत चाचणीची पद्धत बदललेली असते आणि तुमचा ‘जास्त चांगला’ अहवाल नियमाच्या भाषेत बसत नाही.

‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ असं असेल तर आजची आवृत्ती. गुणवत्ता नियंत्रण आदेशांच्या (म्हणजे वर सांगितलेल्या कलम १६ खालच्या केंद्राच्या आदेशांच्या) तक्त्याखाली सहसा एक स्पष्टीकरण असतं. त्यात म्हटलेलं असतं की ब्यूरो वेळोवेळी अधिसूचित करेल ती ताजी आवृत्ती, दुरुस्त्यांसकट, अधिसूचनेच्या तारखेपासून लागू होईल. बारीक टाईपमधलं हे स्पष्टीकरण वाचल्याशिवाय तक्त्यातलं वर्ष वाचू नका. तक्त्यात २०१५ छापलेलं असलं तरी त्या स्पष्टीकरणामुळे लागू आवृत्ती पुढची असू शकते.

तिसरी तऱ्हा ‘तोपर्यंत’ची. मोटार वाहन नियमांत ती पुष्कळ दिसते. अमुक बाब अमुक एआयएस मानकाप्रमाणे, ब्यूरोचं त्या बाबतीतलं मानक अधिसूचित होईपर्यंत. एआयएस म्हणजे वाहन उद्योगासाठीची मानकं. अशा वाक्याला स्वतःची मुदत असते. तुमच्या तारखेला ब्यूरोचं मानक आलं होतं की नाही हे पाहिल्याशिवाय एआयएस धरू नका.

चौथी तऱ्हा नुसत्या क्रमांकाची, म्हणजे वर्ष नाही आणि ‘वेळोवेळी’ही नाही. इथे वकीलही थांबून विचार करतात. एका कायद्याने दुसऱ्या कायद्यातली कलमं उचलली तर नंतरच्या दुरुस्त्या सोबत येतात का, हा प्रश्न आपल्या न्यायालयांत जुना आहे. ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९३१ मध्ये कलकत्ता सुधारणा कायद्याच्या प्रकरणात सांगितलं की उचललेली कलमं त्या वेळी होती तशीच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मध्य प्रदेश विरुद्ध नरसिंहन या निकालात चार अपवाद मांडले. दोन्ही कायदे एकमेकांना पूरक असतील, दोन्ही एकाच विषयावरचे असतील, दुरुस्ती न घेतल्यास पुढचा कायदा चालवणंच अशक्य होत असेल, किंवा दुरुस्ती लागू करण्याचा हेतू स्पष्ट वा अपरिहार्य असेल, तर नंतरची दुरुस्तीही लागू होते. आता इथे नीट लक्ष द्या. ही प्रकरणं कायद्याने कायदा उचलण्याची आहेत. रद्द होऊन नव्याने आलेल्या कायद्याबद्दल सांगणारं सर्वसाधारण खंड अधिनियम १८९७ चं कलम ८ सुद्धा कायद्यांसाठी आहे. मानक हा कायदा नाही. म्हणून ‘कलम ८ प्रमाणे नवी आवृत्ती आपोआप लागू’ असं फाईलमध्ये लिहू नका.

मी अशा वेळी दोन रकाने आखते. एका रकान्यात नियम आला तेव्हाच्या आवृत्तीप्रमाणे उत्तर, दुसऱ्यात आजच्या आवृत्तीप्रमाणे. दोन्हींत पास होत असाल तर प्रश्नच मिटला. एकात पास, एकात नापास असं झालं तरच वाद आहे, आणि तो अर्ज करण्याआधी लेखी विचारून सोडवायचा. तोंडी उत्तरावर मशीन विकत घेऊ नका. तो अधिकारी बदलून गेला की ते उत्तर तुमच्या कामाचं राहत नाही.

तपासा: वहीतल्या जोडवाक्याशेजारी यांपैकी एक शब्द लिहिला का? ‘वर्षबद्ध’, ‘चालू’, ‘तोपर्यंत’ किंवा ‘नुसता क्रमांक’.

## टप्पा ३ : खरी प्रत मिळवा, आणि दुरुस्तीचे कागदही

ब्यूरोने स्वतः तयार केलेली बरीचशी भारतीय मानकं आता नोंदणी करून ब्यूरोच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. आयएसओ किंवा आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांचे जसेच्या तसे स्वीकारलेले कागद मात्र बहुतेक विकत घ्यावे लागतात. इकडून-तिकडून मिळालेल्या पीडीएफवर भरवसा ठेवू नका. ती खोटी असते म्हणून नव्हे, ती अर्धी असते म्हणून.

प्रत हातात आली की पहिलं पान वाचा. क्रमांक, भाग, वर्ष, ‘पुनःपुष्टी’चं वर्ष, कितवी सुधारणा, सगळं उतरवा. ‘पुनःपुष्टी २०१८’ असं दिसलं म्हणजे मानक २०१८ चं झालं नाही. जुनंच मानक तपासून तसंच ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ. आवृत्तीचं वर्ष जुनंच लिहायचं.

मग दुरुस्त्या. ब्यूरो दुरुस्ती वेगळ्या कागदावर काढतो, ‘दुरुस्ती क्र. १’, ‘दुरुस्ती क्र. २’ अशी. कधी ती शेवटी चिकटवलेली असते, कधी वेगळ्या फाईलमध्ये. दुरुस्तीत पूर्ण तक्ता छापलेला नसतो. ‘तक्ता २, अमुक ओळ, ०.३ ऐवजी १.० वाचा’ एवढंच असतं. म्हणून मी मूळ प्रत छापून घेते आणि दुरुस्तीतला प्रत्येक बदल पेन्सिलीने त्या-त्या जागी लिहिते, शेजारी दुरुस्तीचा क्रमांक. हे पंधरा मिनिटांचं काम आहे. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा या खाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह दिसतं. त्या भागातल्या माणसाला ही पंधरा मिनिटं टाळणं फिल्टरच्या पैशांएवढं महाग पडू शकतं.

सावध: प्रयोगशाळेच्या अहवालात ‘मर्यादा’ नावाचा रकाना असतो. तो प्रयोगशाळेने भरलेला असतो आणि कधीकधी वर्षानुवर्षं तोच साचा चालत राहतो. निकालाचा आकडा अहवालातून घ्या, मर्यादा मानकातून.

## टप्पा ४ : मानकाचा किती भाग आत आला?

नियम म्हणतो ‘भाग ४ प्रमाणे’ आणि लोक सबंध ग्रंथ उचलतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ हे याचं ठळक उदाहरण. ती दोन खंडांची आहे. भाग ४ आगीपासून संरक्षण आणि जीवसुरक्षेचा, भाग ६ संरचनेचा, भाग ९ प्लंबिंगचा. संहिता स्वतः शिफारशीच्या स्वरूपाची आहे. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने जेवढा भाग नियमात घेतला, तेवढाच बंधनकारक. भाग ३ मध्ये मोकळी जागा, उंची, चटईक्षेत्र याबद्दलही मजकूर आहे, पण गोव्यात या गोष्टी गोवा भूविकास व इमारत बांधकाम नियम २०१० मधून ठरतात. संहितेतला आकडा सोयीचा वाटला म्हणून तो नकाशावर टाकला आणि प्लॅन परत आला, असं होतं. उलटही होतं. अग्निशमन दलाच्या नाहरकतीच्या अटीत संहितेचा भाग ४ असतो आणि वास्तुविशारद २०१० च्या नियमांवर थांबतो. अशा ठिकाणी दोन्ही लागतात, कारण दोन वेगळ्या वाक्यांनी दोन वेगळे कागद आत आणले आहेत.

लागू भाग कळला की त्याच्या आत तीन चाळण्या लावा.

पहिली व्याप्तीची. मानकाचं कलम १ नेहमी सांगतं की हे मानक कशाला लागू आहे आणि कशाला नाही. तुमची वस्तूच व्याप्तीबाहेर असेल तर पुढे वाचायचं कारण नाही. लेखी कळवा आणि थांबा.

दुसरी क्रियापदाची. मानकाच्या आतही ‘शॅल’ म्हणजे अट आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस. नियमाने सबंध मानक आत घेतलं तरी त्यातली शिफारस शिफारसच राहते. तसंच परिशिष्टांचं: काही अटीचा भाग असतात, काही नुसत्या माहितीसाठी. कोणतं कुठलं, हे परिशिष्टाच्या मथळ्याखाली लिहिलेलं असतं.

तिसरी टिपांची. आयएस १०५०० मध्ये बऱ्याच घटकांना दोन मर्यादा आहेत, एक ‘स्वीकार्य’ आणि दुसरी ‘पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय’. पाण्यात विरघळलेल्या एकूण घनपदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि पर्याय नसल्यास २०००. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. समजा तुमचा आकडा ९०० आला. अहवाल देणारा ‘२००० च्या आत, ठीक’ असं लिहून मोकळा होतो. पण तक्त्याखालची टीप वाचली तर दुसरा रकाना फक्त पर्यायी स्रोत नसलेल्यांसाठी आहे. आवारात नळाची जोडणी असेल तर तुमच्याकडे पर्याय आहे, आणि त्या रकान्याचा आधार तुम्हाला घेता येत नाही.

तपासा: जो आकडा तुम्ही पाळणार आहात, त्याच्या रकान्याचा मथळा आणि तक्त्याखालच्या सगळ्या टिपा वाचल्या का?

## टप्पा ५ : साखळी कुठवर जाते ते पाहा

मानकाच्या कलम २ मध्ये ‘संदर्भ’ असतात. तिथे साधारण असं म्हटलेलं असतं की या यादीतल्या मानकांतल्या तरतुदी उल्लेखामुळे या मानकाच्या तरतुदी ठरतात. म्हणजे नियमाने एक कागद आत घेतला आणि त्या कागदाने आणखी वीस.

घाबरू नका, सगळे वाचायचे नसतात. ज्या कागदावाचून तुमचा आकडा मोजता येत नाही तेवढेच लागतात. पाण्यातल्या लोहाची मर्यादा आयएस १०५०० देतं, पण लोह मोजायचं कसं ते आयएस ३०२५ च्या भाग ५३ मध्ये आहे. तुमच्या अहवालातल्या पद्धतीच्या रकान्यात काय लिहिलंय? तिथे मानकात नसलेली दुसरीच पद्धत असेल तर प्रयोगशाळेला नमुना देण्याआधी विचारायला हवं होतं. आकडा बरोबर असूनही अहवाल वादात सापडतो तो इथेच.

साखळीतल्या प्रत्येक कागदाला टप्पा २ चा प्रश्न पुन्हा विचारा: वर्षासकट की वर्षाशिवाय? तेवढं झालं की थांबा. मोजता येणारा आकडा, मोजायची पद्धत आणि नमुना घ्यायची रीत हातात आली की साखळी तुमच्यापुरती पुरी झाली.

## टप्पा ६ : आकडा मर्यादेला टेकला असेल तर

हा टप्पा कुणीच करत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मानकाच्या प्रस्तावनेच्या अखेरीस एक परिच्छेद जवळजवळ नेहमी असतो. मानक पाळलं गेलं की नाही हे ठरवताना मोजलेला किंवा काढलेला अंतिम आकडा आयएस २ (आकडे ‘राउंड’ करण्याच्या नियमांचं मानक) प्रमाणे पूर्णांकित करावा, आणि मानकातल्या आकड्यात दशांशानंतर जेवढी स्थानं आहेत तेवढीच ठेवावीत. प्रस्तावना म्हणून आपण ती उलटून टाकतो.

लोहाची मर्यादा १.० आहे, म्हणजे दशांशानंतर एक स्थान. अहवालात १.०४ आलं तर पूर्णांकित आकडा १.०, पास. १.०६ आलं तर १.१, नापास. नेमकं १.०५ आलं तर? शाळेत आपण ५ ला वर ढकलायला शिकलो. आयएस २ चा नियम वेगळा आहे. टाकायचा अंक नेमका ५ असेल आणि पुढे काही नसेल किंवा फक्त शून्यं असतील, तर राखायचा शेवटचा अंक सम ठेवायचा. १.०५ मध्ये तो अंक ० आहे, सम आहे, म्हणून उत्तर १.०, पास. १.०५०१ असेल तर मात्र ५ च्या पुढे काहीतरी आहे, म्हणून १.१.

सावध: पूर्णांकन एकाच फटक्यात करा. १.०५०१ चं आधी १.०५ आणि मग १.० असं दोन पायऱ्यांत केलंत तर नापास पाणी कागदावर पास होतं. प्रयोगशाळेकडे आधीच पूर्णांकित न केलेला आकडा मागा.

## टप्पा ७ : पुरावा जोडवाक्याला साजेसा हवा

जोडवाक्य दोनपैकी एक गोष्ट मागतं. वस्तू मानकाशी जुळणारी असावी, किंवा वस्तूवर मानकाची खूण असावी. दोन्ही एकच समजून लोक पैसे घालवतात.

हेल्मेट पाहा. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जून २०२१ पासून अमलात आला आणि त्यात आयएस ४१५१ आहे. अशा आदेशाखालची वस्तू ब्यूरोच्या परवान्यानुसार खूण लावूनच विकायची असते. ‘आमच्याकडे चाचणी अहवाल आहे’ हे विक्रेत्याचं उत्तर इथे चालत नाही. गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी घाऊक हेल्मेट घेताना डब्यावरची चित्रं बघू नयेत. आयएसआय खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते पाहावं, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालावा. कंपनीचं नाव, वस्तू आणि परवान्याची स्थिती तिथे दिसते. तीनही जुळली तर घ्या. पडद्याचा स्क्रीनशॉट तारखेसह बिलासोबत ठेवा.

नुसती ‘जुळणी’ मागितली असेल तर अहवाल चालतो, पण कुणाचा? एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते. ती ठरावीक चाचण्यांना, ठरावीक पद्धतींना असते. मान्यतेची व्याप्ती म्हणून एक यादी असते. तुमची चाचणी आणि पद्धत त्या यादीत आहे का, आणि मान्यतेची मुदत नमुन्याच्या तारखेला चालू होती का, हे दोन्ही नमुना देण्याआधी पाहा.

नमुन्याचंही तसंच. जीवाणूंच्या तपासणीचं पाणी धुतलेल्या पेप्सीच्या बाटलीत आणणारे भेटतात. त्याला निर्जंतुक बाटली लागते. पाण्यात क्लोरीन असेल तर तो मारणारं रसायन बाटलीत आधीच घातलेलं असावं लागतं, आणि बाटली थंड ठेवून लवकर पोचवायची असते. धातूंच्या तपासणीचा नमुना आम्ल घालून ठेवावा लागतो, नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीवर बसतं आणि आकडा कमी येतो. शक्य असेल तर प्रयोगशाळेच्या माणसालाच नमुना घ्यायला लावा आणि तसं अहवालात लिहून घ्या.

तपासा: अहवालावर मानकाचं वर्ष, दुरुस्तीचा क्रमांक, चाचणीची पद्धत, नमुना घेतल्याची तारीख आणि नमुना कुणी घेतला, हे सगळं आहे का?

## टप्पा ८ : जोडवाक्य अजून जिवंत आहे ना?

मानक जिवंत असतं आणि जोडवाक्य गेलेलं असतं, असंही होतं. बाटलीबंद पाण्याच्या युनिटवाल्यांना हे ठाऊक आहे. आयएस १४५४३ प्रमाणे ब्यूरोची खूण असल्याशिवाय पॅकबंद पिण्याचं पाणी विकता येणार नाही, ही अट अन्नसुरक्षेच्या विक्री-निर्बंध नियमांत वर्षानुवर्षं होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्ती करून ती काढली. आयएस १४५४३ जागेवरच राहिलं, गेलं ते त्याला बंधनकारक करणारं वाक्य. आणि पुढच्याच महिन्यात एफएसएसएआयने हे पाणी उच्च-जोखमीच्या अन्नगटात टाकलं, म्हणजे एक दार सैल झालं आणि दुसऱ्या दारावरची तपासणी वाढली. जुन्या अटीवर फाईल चालवणारा इथे दोन्हीकडून चुकतो.

उलट्या दिशेचं उदाहरण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ चं. पूर्वी हेल्मेटसाठी ते थेट भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाकडे बोट दाखवत होतं. २०१९ च्या दुरुस्तीने ते केंद्र सरकार विहित करील त्या मानकाकडे वळलं. म्हणजे कायदा आणि मानक यांच्यामध्ये आता केंद्राच्या नियमाची एक पायरी आली, आणि वाचायला एक कागद वाढला.

परवाना नूतनीकरणाच्या महिनाभर आधी जोडवाक्य पुन्हा राजपत्रात ताडून पाहायचं, अशी कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

## टप्पा ९ : अर्जात काय लिहायचं

‘आमचं पाणी आयएसप्रमाणे आहे’ असं लिहू नका. असं लिहा:

‘परिशिष्ट ४ मधील पिण्यायोग्य पाण्याच्या अटीनुसार व तपासणी-सूचीतील संबंधित बाबीनुसार, आयएस १०५०० : २०१२, या अर्जाच्या तारखेपर्यंतच्या सर्व दुरुस्त्यांसह, तक्ता २ मधील लोहाची मर्यादा १.० मि.ग्रॅ. प्रति लिटर. निरीक्षित आकडा ०.६. चाचणीची पद्धत आयएस ३०२५ (भाग ५३). नमुना प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने घेतला. अहवाल सोबत.’

यासोबत मानकाच्या पहिल्या पानाचा उल्लेख आणि संबंधित दुरुस्तीचा क्रमांक द्या. संपूर्ण मानकाची झेरॉक्स जोडायची गरज नसते, आणि स्वामित्वहक्काचा प्रश्नही येतो.

समोरच्या टेबलावरून नियमात नसलेलंच मानक मागितलं गेलं तर भांडू नका. नम्रपणे लेखी विचारा: ही अट कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली आहे, आणि मानकाची कोणती आवृत्ती अपेक्षित आहे? उत्तर आलं तर तो तुमच्या फाईलचा सर्वांत मौल्यवान कागद. नाही आलं तर माहिती अधिकाराच्या कलम ६ खाली दहा रुपये शुल्क भरून तोच प्रश्न अर्जात विचारा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. माणसाला ज्या कायद्याने बांधायचं तो त्याला कळेल अशा रीतीने प्रसिद्ध झाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच हरला विरुद्ध राजस्थान या निकालात सांगितलं आहे. म्हणून ‘कोणता कागद, कोणतं वर्ष, कोणतं कलम’ असं विचारण्यात उर्मटपणा नाही.

फोंड्याच्या त्या केटररने हेच केलं. मूळ तक्ता, दुरुस्ती क्र. १ आणि वरच्यासारखं एक वाक्य, असे तीन कागद जोडले. फिल्टरवाल्याने आगाऊ रकमेतली निम्मी परत दिली.